क्लचवरचा पाय

ट्रॅक्टरचं इंजिन जोरात गरजत होतं आणि ट्रॅक्टर मात्र जागचा हलत नव्हता. मागे कल्टिव्हेटर जमिनीत रुतलेला, धुराड्यातून काळा धूर, सीटवर अण्णा आणि बांधावर आम्ही सगळे. अण्णांनी गॅस वाढवला. आवाज आणखी चढला, चाकं दोन हात पुढे सरकली आणि पुन्हा थांबली. मग वारा आमच्या दिशेने वळला आणि एक जळकट वास आला. ब्रेक घासत उतरलेल्या बसला येतो ना, तसा.

"गेला!" माझा चुलतभाऊ म्हणाला. आम्ही त्याला दादा म्हणतो. "मी सांगतच होतो. आता हा विकायचा."

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी इंजिन बंद केलं, दोन्ही हातांनी मडगार्डला धरून सावकाश खाली उतरले आणि घराकडे चालू लागले. मी दसऱ्याच्या सुट्टीला जबलपूरला गेले होते. घरात आनंदाने चार दिवस घालवावेत, एवढाच बेत होता. ते चार दिवस मी हातात टॉर्च धरून एका जुन्या ट्रॅक्टरच्या पोटात डोकावत काढले. त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

जबलपूरला मराठी घरं कशी, असं पुण्या-मुंबईकडचे लोक विचारतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि 1817 साली इंग्रजांकडे गेला. पुढे मध्य प्रांत आणि वऱ्हाड असा जो प्रांत झाला, त्याची राजधानी नागपूर. 1956 पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होती. त्यामुळे कारकून, मास्तर, वकील म्हणून कितीतरी मराठी कुटुंबं तिकडे गेली आणि तिथलीच झाली. माझे आजोबा त्यांतलेच. नोकरीच्या शेवटी त्यांनी पाटणच्या बाजूला थोडी जमीन घेतली. माझे बाबा नोकरीसाठी बाहेर पडले, थोरले काका, म्हणजे अण्णा, शेतीवर राहिले.

ही जमीन काळी, भारी, पाणी धरून ठेवणारी. इथे पूर्वापार एक पद्धत आहे, तिला हवेली म्हणतात. शेताला चारी बाजूंनी उंच बांध घालायचे आणि पावसाळाभर पाणी शेतातच तुंबवून ठेवायचं. पाण्याखाली तण कुजून जातं, ओल खोलवर मुरते. पावसाळा सरला की बांध फोडून पाणी सोडायचं आणि वाफसा आला की गहू, हरभरा, मसूर पेरायचा. मग वरून पाणी द्यायची फारशी गरज नाही. नर्मदेवरचं बरगी धरण 1990 साली पूर्ण झालं, कालवे आले, धान आणि मटार वाढला, तशी हवेली कमी होत गेली. अण्णांनी मात्र दोन शेतं अजून हवेलीत ठेवली आहेत. या पद्धतीत एकच अडचण असते. पाणी उतरल्यावर पेरणीला मिळतात ते दिवस मोजके. आधी गेलं तर चिखल, उशीर केला तर ढेकळं दगडासारखी. नेमक्या त्या दिवसांत ट्रॅक्टर बसला होता.

ट्रॅक्टर म्हणजे मॅसी फर्ग्युसन 1035. अण्णांनी 1981 साली कर्ज काढून नवा घेतला. तांबडा रंग आता विटेसारखा झाला आहे. या ट्रॅक्टरचं घराणं मोठं आहे. हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश माणसाने ट्रॅक्टर आणि अवजार तीन ठिकाणी जोडून हायड्रॉलिकने उचलायची युक्ती काढली. त्याचा लहानसा करडा ट्रॅक्टर 1946 पासून इंग्लंडात कॉव्हेंट्रीला बनू लागला आणि दहा वर्षांत पाच लाखांहून अधिक खपला. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी 4 जानेवारी 1958 रोजी दक्षिण ध्रुवावर पोचले ते याच फर्ग्युसन ट्रॅक्टरांवरून. आपल्याकडे मद्रासला 1960 साली टॅफे ही कंपनी निघाली आणि तिने मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर बनवायला घेतले.

आमच्या भागाला तर ट्रॅक्टरची ओळख त्याहून जुनी. मध्य भारतातल्या लाखो एकर जमिनीत कांस नावाचं चिवट गवत माजलं होतं. त्याची मुळं इतकी खोल की बैलांच्या नांगराला दाद देत नसत. ते उपटण्यासाठी सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभारली आणि यंत्रं आणायला 1949 साली जागतिक बँकेने एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं. ती अवाढव्य यंत्रं पाहायला गावंच्या गावं जमत, असं आजोबा सांगायचे. अण्णांच्या मनात ट्रॅक्टरचं वेड तिथूनच शिरलं असावं.

दादाने त्याच संध्याकाळी शहरातल्या एका गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली. दादा म्हणाला, "महिन्याच्या सुरुवातीला गिअर टाकताना करकर वाजत होतं, आता ओढतच नाही." गॅरेजवाल्याने इंजिन चालू न करताच निकाल दिला, "गिअरबॉक्स संपला. आतले सगळे गिअर बदलावे लागतील." आकडा सांगितला तो ऐकून काकूंनी पदर तोंडाला लावला. "त्यापेक्षा भंगारात घाला आणि नवा घ्या," असा सल्लाही त्याने फुकट देऊन टाकला.

दादाचंही मत तेच होतं. त्याचं अगदी चूक होतं असं नाही. नवा ट्रॅक्टर, पॉवर स्टिअरिंग, कमी कटकट. पण नव्या ट्रॅक्टरचं कर्ज कोण फेडणार, यावर रात्री जेवताना दोघांत शब्दाला शब्द वाढला. शेवटी अण्णा म्हणाले, "उद्या मिस्त्रींना बोलवा. ते म्हणाले तर विकू."

मिस्त्री रांझीला राहतात. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत त्यांची सगळी नोकरी झाली. लष्कराचे शक्तिमान ट्रक तिथे बनत. त्या ट्रकांचे गिअरबॉक्स मिस्त्रींच्या हाताखालून गेले. निवृत्तीनंतर ते ओळखीपाळखीच्या लोकांची कामं करतात. बारीक अंगकाठी, पांढरी मिशी, खिशात एक कापडाचा तुकडा आणि एक खडू. ते सकाळी आले, चहा घेतला आणि पहिलं वाक्य बोलले, "औजार बाद में. आधी सांगा, काय झालं, कधी झालं, आणि त्याआधी कोणी काय केलं?"

मला एकदम आमच्या पत्रकारितेच्या वर्गाची आठवण झाली. तिथे पहिल्या दिवशी हेच प्रश्न फळ्यावर लिहून दिले होते.

दादाने सांगितलं. पावसाळाभर ट्रॅक्टर शेडमध्ये उभा होता. ऑक्टोबरात चालू केला तर क्लच दाबूनही गिअर पडेना, करकर आवाज. म्हणून त्याने पेडलखालची दांडी घट्ट केली. दोन-चार दिवसांनी गिअर नीट पडू लागले. मग शेतात घातला, तर ओढेना.

"म्हणजे पहिलं दुखणं वेगळं आणि दुसरं वेगळं," मिस्त्री म्हणाले. मला काही कळलं नाही, म्हणून मी विचारलं. त्यांनी आपले दोन्ही तळहात एकमेकांवर दाबले.

क्लच म्हणजे एवढंच. एक तळहात इंजिनाचा, तो सतत फिरतो. दुसरा गिअरबॉक्सचा. स्प्रिंगा दोघांना घट्ट दाबून ठेवतात, म्हणून इंजिनाबरोबर गिअरबॉक्स फिरतो. पेडल दाबलं की हात सुटतात. क्लचची दुखणीही मग दोनच प्रकारची. हात सुटायला हवेत तेव्हा सुटत नाहीत, किंवा धरायला हवं तेव्हा धरत नाहीत. सुटले नाहीत तर गिअर करकरतो, कारण आमच्या ट्रॅक्टरचे गिअर जुन्या पद्धतीचे, सरकून एकमेकांत बसणारे. आतला दांडा फिरत असेल तर दाताला दात घासणारच. आणि धरलं नाही तर इंजिन बोंबलतं, चाक फिरत नाही.

पावसाळ्यात दमट शेडमध्ये उभं राहून क्लच प्लेट गंजाने चिकटली होती. म्हणून सुरुवातीला हात सुटत नव्हते. चार दिवस चालवल्यावर ती आपोआप सुटली. पण तोवर दादाने दांडी घट्ट करून पेडलचा ढिलेपणा काढून टाकला होता. पेडलला वरच्या बाजूला थोडा रिकामा खेळ असावा लागतो. साधारण दीड-दोन बोटं, नेमका आकडा ज्याच्या त्याच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतो. हा खेळ नसेल तर पाय न ठेवताही क्लच किंचित दाबलेला राहतो. मग तो घसरतो, तापतो, जळतो.

"मग माझ्यामुळेच झालं," दादाचा चेहरा पडला.

"रुको भैया," मिस्त्री म्हणाले. "अजून तपास संपला नाही."

त्यांनी दांडी सैल करून पेडलला खेळ दिला. मग एकेक परीक्षा सुरू झाली. मी ती इथे मुद्दाम क्रमाने देते, कारण गावाकडे ज्यांच्याकडे जुना ट्रॅक्टर आहे त्यांना ती उपयोगी पडेल.

पहिली परीक्षा गिअरबॉक्सची. मिस्त्रींनी काकूंकडून एक स्टीलची ताटली मागून घेतली आणि गिअरबॉक्सच्या खालच्या बुचातून थोडं तेल तिच्यात घेतलं. उन्हात धरलं, बोटांत चोळलं. तेल दुधाळ असेल तर आत पाणी शिरलेलं. हवेलीच्या शेतात, पावसात उभ्या ठेवलेल्या ट्रॅक्टरला हे नेहमीचं. तेलात लोखंडाचे चकचकीत तुकडे असतील तर गिअरचे दात तुटलेले. या ट्रॅक्टरमध्ये हायड्रॉलिक आणि गिअरबॉक्सचं तेल एकच असतं, म्हणून ते दोघांचीही खबर देतं. आमचं तेल काळपट होतं, पण स्वच्छ होतं. "गिअरबॉक्स में कुछ नहीं हुआ," मिस्त्री म्हणाले. एका ताटलीभर तेलात गॅरेजवाल्याचा निकाल रद्द झाला. "ती ताटली आता तुम्हीच ठेवा," काकू म्हणाल्या.

दुसरी परीक्षा गळतीची. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचचं जे घर असतं त्याच्या तळाला एक लहान भोक असतं. त्यात एक वाकडी पिन अडकवलेली असते, भोक चिखलाने बुजू नये म्हणून. इथून तेल टपकत असेल तर क्लच प्लेटला तेल लागलेलं. तेल काळं आणि पातळ असेल तर ते इंजिनाचं, म्हणजे पुढचं सील गेलं. दाट आणि उग्र वासाचं असेल तर गिअरबॉक्सचं, म्हणजे मागचं सील गेलं. आमचं भोक कोरडं होतं. मिस्त्रींनी पिन हलवून खात्री केली.

तिसरी परीक्षा हायड्रॉलिकची. आमच्या ट्रॅक्टरला दुहेरी क्लच आहे. पेडल अर्धं दाबलं की चाकं सुटतात, पूर्ण दाबलं की थ्रेशर फिरवणारा मागचा दांडा आणि हायड्रॉलिकचा पंपही सुटतो. म्हणजे आत दोन प्लेटा. मिस्त्रींनी इंजिन चालू करून कल्टिव्हेटर वर उचलला. तो झरझर वर गेला. "छोटी प्लेट बरी आहे. बिमार आहे ती मोठी."

चौथी परीक्षा कानाची. गिअर मोकळा ठेवून त्यांनी पेडल सोडलं, मग दाबलं, पुन्हा सोडलं. दाबलं की एक बारीक सूं असा आवाज येई, सोडलं की बंद. "ऐकलं? हे रिलीज बेअरिंग. पेडल दाबलं की हेच आत जाऊन प्लेट सोडवतं. पेडल सोडून, गिअर मोकळा असताना आवाज आला असता, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर संशय घेतला असता."

शेवटची परीक्षा घसरण्याची. मोकळं अंगण, समोर कोणी नाही. दोन्ही ब्रेक एकत्र अडकवून दाबलेले. वरचा गिअर टाकला, गॅस मध्यम, आणि क्लच हळूहळू सोडला. क्लच चांगला असेल तर इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. आमचं इंजिन मजेत चालू राहिलं. तीन-चार सेकंदांत मिस्त्रींनी बंद केलं. हा प्रयोग जास्त वेळ केला तर उरलासुरला क्लचही जळतो.

"प्लेट संपली. उघडावा लागेल."

क्लच बदलण्यासाठी ट्रॅक्टरचे मधोमध दोन भाग करावे लागतात हे मला माहीत नव्हतं. पुढे इंजिन आणि लहान चाकं, मागे गिअरबॉक्स आणि मोठी चाकं. अण्णांना वाटत होतं, आंब्याखाली सावलीत काम करावं. मिस्त्रींनी साफ नकार दिला. मातीत जॅक रुततो आणि वर टनभर लोखंड असतं. काम गोदामाच्या पक्क्या फरशीवरच झालं. आधी बॅटरीची वायर सोडली, डिझेलचा नळ बंद केला. मग पुढच्या आसावर दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकल्या. पुढचा आस मध्यावर एका खिळीवर डुलत असतो. पाचरी न मारता दोन भाग केले तर इंजिन एका अंगावर कलंडतं आणि खाली जो असेल त्याला चिरडतं. मिस्त्रींनी हे सांगितलं तेव्हा कोणाला काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्यांचा आवाज बदलला. नुसत्या जॅकच्या भरवशावर त्यांनी एकालाही खाली जाऊ दिलं नाही. आधी लोखंडी टेकू, मग हात.

दुपारी बोल्ट सुटले. मोठी चाकं पाचरी लावून रोखली होती. पाचजणांनी पुढचा भाग हळूहळू पुढे ढकलला आणि चाळीस वर्षांचा तो ट्रॅक्टर आमच्या डोळ्यांदेखत दोन भागांत उभा राहिला. मी टॉर्च धरला. आतून काळी भुकटी सांडली. मोठ्या प्लेटचं अस्तर रिव्हेटांपर्यंत झिजलं होतं आणि त्या रिव्हेटांनी फ्लायव्हीलवर गोल चरे पाडले होते. ठिकठिकाणी निळे डाग होते. लोखंड फार तापलं की असे डाग पडतात.

"माझं आठ दिवसांचं काम," दादा खिन्नपणे म्हणाला.

मिस्त्रींनी खिशातलं फडकं काढलं आणि प्रेशर प्लेटच्या तीन फिंगर पुसल्या. रिलीज बेअरिंग याच फिंगरांवर दाब देतं. प्रत्येक फिंगरच्या टोकाला खोल खळगा पडला होता, जात्याच्या पाळीला पडतो तसा. मिस्त्री बराच वेळ बघत राहिले. "भैया, हे आठ दिवसांत होत नाही. ही वर्षांची झीज आहे. कोणीतरी पेडलवर सारखा पाय ठेवून चालवतं."

गोदामात कोणी काही बोललं नाही. कारण हा ट्रॅक्टर फक्त अण्णाच चालवतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दादाला तर ते क्वचितच देतात. आणि क्लचवर पाय ठेवून चालवायचं नाही, हे दादाला लहानपणी कान पिळून शिकवलं होतं ते अण्णांनीच.

माझी नजर सहज पेडलकडे गेली. पेडल घासून आरशासारखं चकचकीत झालं होतं. त्याच्या शेजारी, जरा वर, पाय ठेवायचं लोखंडी पायदान. त्यावर गंजाचा जाड थर. कित्येक दिवसांत त्याला पाय लागलेला नव्हता. उजव्या बाजूचं पायदान मात्र स्वच्छ. मी विचारून गेले, "हे डावंच पायदान का गंजलंय?"

विचारल्याबरोबर उत्तर मला कळलं आणि जीभ चावावीशी वाटली. आदल्या दिवशी दोन्ही हातांनी मडगार्ड धरून उतरणारे अण्णा मला आठवले. अण्णा दारातच उभे होते. ते काही न बोलता वळले आणि अंगणातल्या बाजेवर जाऊन बसले.

संध्याकाळी स्वयंपाकघरात काकू मला म्हणाल्या, "दोन-तीन वर्षं झाली गं. डावा गुडघा वाकत नाही आणि वाकला तर उचलत नाही. रात्री मी मोहरीचं तेल चोळून देते. कोणाला सांगायचं नाही अशी मला शपथ घातलीय. म्हणतात, कळलं तर ट्रॅक्टरवरून उतरवतील."

पाय उचलून वरच्या पायदानावर ठेवणं त्यांना जमत नव्हतं. म्हणून तो पेडलवरच पडून राही. त्यांना ते कळतही असणार. दादाच्या अंगावर दोष आला तेव्हाही ते गप्प राहिले, याचं मला थोडं दुःख झालं. मग वाटलं, बहात्तर वर्षांच्या माणसाने चारचौघांत काय सांगायचं? पायातलं बळ गेलं हे? आपल्या घरातली वडीलधारी माणसं अशा गोष्टी लपवतात, कारण कबूल केल्यावर आपण त्यांच्या हातातलं काम काढून घेतो. सायकल काढून घेतो, बाजाराची पिशवी काढून घेतो, आणि वर म्हणतो, "आता तुम्ही आराम करा."

या प्रसंगातून वाट काढली ती मिस्त्रींनी. ते अण्णांच्या शेजारी बाजेवर जाऊन बसले आणि आपली पँट गुडघ्यापर्यंत वर करून दाखवली. त्यांच्याही गुडघ्याला पट्टा होता. "अण्णाजी, यंत्राची झीज लपत नाही तर आपली कुठून लपणार? मी दहा वर्षं ट्रॅक्टरखाली झोपत नाही. पोरगं झोपतं, मी वरून सांगतो. काम माझंच राहतं."

अण्णा बऱ्याच वेळाने म्हणाले, "त्या पोराला मी उगाच बोल लावू दिला." मग त्यांनी दादाला हाक मारली. दोघं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, आणि मी कान दिलाही नाही.

दुसऱ्या दिवशी फ्लायव्हील शहरातल्या लेथवर नेऊन सपाट करून आणलं. कारखान्यांचं गाव असल्यामुळे जबलपूरला चांगला लेथवाला शोधावा लागत नाही. नवी मोठी प्लेट आणली. लहान प्लेट बरी होती, तरी तीही बदलली. पुन्हा उघडण्याचा खर्च प्लेटपेक्षा जास्त. रिलीज बेअरिंग, फिंगर, दोन्ही बाजूंची सीलं नवी घातली. दांड्यावरच्या खाचा घासून स्वच्छ केल्या, म्हणजे प्लेट त्यावर सहज सरकेल. प्लेट बरोबर मध्यावर बसावी म्हणून मिस्त्री एक जुना दांडा घेऊन आले होते. तो आत घालून प्लेट कसली आणि मग काढून घेतला. तिन्ही फिंगरांची उंची पुन्हा पुन्हा मोजून सारखी केली. एक जरी खालीवर राहिली तरी क्लच थरथरतो. सगळा मिळून खर्च गॅरेजवाल्याने सांगितलेल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी झाला.

ट्रॅक्टर जोडला, पेडलला दोन बोटं खेळ दिला आणि अंगणात पुन्हा तीच ब्रेकची परीक्षा घेतली. क्लच सोडताच इंजिन धडधडून बंद पडलं. इंजिन बंद पडल्याचा इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता.

जाताना मिस्त्रींनी चार गोष्टी दादाकडून वदवून घेतल्या. ट्रॅक्टर महिनोन्महिने उभा राहणार असेल तर क्लच पेडल दाबून त्याखाली लाकडी ठोकळा अडकवून ठेवायचा, म्हणजे प्लेट चिकटत नाही. पेडलचा खेळ अधूनमधून हाताने तपासायचा. गिअर बदलताना ट्रॅक्टर उभा करायचा आणि पेडल दाबल्यावर दोन क्षण थांबायचं. आणि अवजड ओझं क्लच अर्धा धरून रेटायचं नाही, त्यापेक्षा खालचा गिअर टाकायचा. पाचवी गोष्ट त्यांनी बोलून दाखवली नाही. लोखंडाची एक पट्टी कापून त्यांनी डाव्या बाजूला पेडलच्याच उंचीवर नवं पायदान वेल्ड करून दिलं. पाय उचलायला नको, नुसता बाजूला सरकवायचा.

पेरणी आम्ही चार दिवस उशिरा केली. एका कोपऱ्यातली जमीन थोडी कडक झाली होती, बाकीचं साधलं. सीटवर मात्र अण्णा नव्हते आणि दादाही नव्हता. दादाची मुलगी, माझी भाची, जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयात शिकते. तीच बसायला पुढे झाली. तिला स्कूटी उत्तम येते, पण स्कूटीला क्लच नसतो. "मीच शिकवणार," अण्णा म्हणाले. तिने त्यांना मडगार्डवर बसायला सांगितलं, तेव्हा त्यांनीच तिला फटकारलं, "ट्रॅक्टरवर माणूस एकच, चालवणारा!" आणि काठी टेकत बांधावर जाऊन उभे राहिले.

दोन दिवसांनी काकूंनी त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. झीज आहे, व्यायाम सांगितला आहे, पट्टा दिला आहे. सपाट रस्त्यावर, हलक्या कामाला अण्णा अजूनही ट्रॅक्टर काढतात. त्याबद्दल घरात कोणी काही म्हणत नाही. नव्या पायदानाचा रंग एव्हाना घासला गेला आहे, असं दादाने परवा फोनवर सांगितलं.

मी निघाले त्या सकाळी भाची शेवटचं शेत पेरत होती. वळणावर ट्रॅक्टर जरा अडखळला. बांधावरून अण्णांचा आवाज आला, साऱ्या शिवारात ऐकू जाईल असा:

"क्लचवरचा पाय काढ!"

भाचीने पाय बाजूला सरकवला आणि ट्रॅक्टर पुढे निघाला.